कामाचा ताण आणि आपला स्वभाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या शाखांमध्ये एकोणीस वर्षं काम केल्यावर मी मानसशास्त्राकडे वळले. आता बँका, कारखाने आणि आयटीतल्या कर्मचाऱ्यांसाठी ताणाच्या विषयावर कार्यशाळा घेते. कार्यशाळेच्या शेवटी लोक चिठ्ठ्या टाकतात, नंतर ईमेलही येतात. त्यांतले जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, गुंतागुंतीचे नंतर.

१. काम तेच, साहेब तेच, टार्गेट तेच. मग एकाला झोप लागत नाही आणि दुसरा निवांत, असं का?

मार्चअखेरची एक संध्याकाळ सांगते. सात वाजून गेले होते आणि शाखेची कॅश ५,४०० रुपयांनी कमी भरत होती. कमी पडली की कॅशियरला पदरचे भरावे लागतात. आमचा कॅशियर ओल्या स्पंजवर अंगठा टेकवत शंभराची तीच गड्डी चौथ्यांदा मोजत होता, तोंडातून एक शब्द नाही. शेजारच्या काउंटरवरच्या मॅडम मात्र 'मी सकाळपासून सांगतेय, गर्दीत घाई करू नका' असं सगळ्या शाखेला ऐकू जाईल इतक्या जोरात बोलत होत्या. अधिकाऱ्यांनी भरणा स्लिपांचा गठ्ठा पुढे ओढला आणि म्हणाले, 'फरकाला नऊनं भाग जातोय. म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडलेत.' दहा मिनिटांत १,७०० चा भरणा ७,१०० असा पडलेला सापडला.

रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली ताणाची जी मांडणी केली, ती या प्रसंगाला नेमकी लागू पडते. संकट समोर आलं की मन दोन गोष्टी जोखतं. यात माझं काही जाणार आहे का? आणि यावर माझ्या हातात काही उपाय आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठरवण्यात स्वभावाचा मोठा वाटा असतो. दुसऱ्याचं उत्तर बऱ्याचदा अनुभवातून येतं. अधिकाऱ्यांच्या ज्या शांतपणाचं त्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केलं, त्यातला निम्मा शांतपणा नऊच्या त्या युक्तीचा होता.

आणखी एक. त्या संध्याकाळी कुणालाही विचारलं असतं तरी सगळ्यात जास्त ताण मॅडमना आलाय असंच सांगितलं असतं. मॅडम घरी जाऊन शांत झोपल्या. कॅशियरला मात्र पुढचे दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, हे मला महिन्याभरानं त्याच्याकडूनच कळलं. ताण कसा दिसतो हे स्वभावावर ठरतं. तो किती आहे हे दिसण्यावरून ओळखता येत नाही. खालच्या बऱ्याच उत्तरांत हा मुद्दा पुन्हा येईल.

२. ताण पूर्णपणे वाईटच असतो का?

नाही. हान्स सेली यांनी १९३६ साली शरीराच्या प्रतिक्रियेचे तीन टप्पे मांडले: आधी खडबडून जागं होणं, मग तग धरणं, आणि ताण संपलाच नाही तर थकून कोसळणं. पहिला टप्पा उपयोगाचा आहे, त्याच्याशिवाय कुणी वेळेत काम संपवणार नाही. त्रास होतो तो दुसरा टप्पा महिनोन्‌महिने चालू राहिला की.

३. 'टाइप ए' स्वभाव म्हणजे काय? अशा माणसाला हार्ट अटॅक येतोच, हे खरं का?

मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन हे सॅन फ्रान्सिस्कोतले दोन हृदयरोगतज्ज्ञ. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या दुरुस्त करायला आलेल्या कारागिराच्या लक्षात आलं की खुर्च्यांच्या फक्त पुढच्या कडा झिजल्यात. पेशंट मागे टेकून बसतच नव्हते, आता उठू की मग उठू अशा बेतानं टोकावर बसत होते. ही आठवण फ्रीडमन यांनी पुढे स्वतःच सांगितली. १९५९ साली दोघांनी या स्वभावावरचं संशोधन प्रसिद्ध केलं: सतत घाई, सतत चढाओढ, आणि जरा अडलं की संताप. कॅलिफोर्नियातल्या तीन हजारांवर पुरुषांचा साडेआठ वर्षं मागोवा घेतला, तेव्हा टाइप ए मंडळींमध्ये हृदयविकार साधारण दुपटीनं आढळला.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची कमी जणांना माहीत असते, म्हणून सविस्तर सांगते. त्याच माणसांची पुढच्या काळातली माहिती तपासली गेली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात असं दिसलं की एकदा हृदयविकार झाल्यावर टाइप ए माणसं उलट जास्त तगली होती. या विषयावरच्या बऱ्याच संशोधनाला सिगारेट कंपन्यांनी पैसे पुरवले होते, हेही कंपन्यांचीच कागदपत्रं उघड झाल्यावर कळलं. दोष स्वभावाला दिला की धूम्रपानावरचं लक्ष उडतं, हा त्यांचा फायदा. टाइप ए मधला जो भाग नंतरच्या अभ्यासांतही टिकून राहिला, तो म्हणजे मनात धरून ठेवलेला वैरभाव आणि राग. नुसती घाई किंवा कामाची हौस हा हृदयाला धोका आहे, असं आज ठामपणे म्हणता येत नाही.

तेव्हा तुमच्या नवऱ्याला, बायकोला किंवा साहेबांना 'टाइप ए' म्हणून घाबरवू नका. लिफ्ट यायला उशीर झाला, कुणी रांगेत पुढे घुसलं, शिपायानं फाइल आणली नाही, की मनातल्या मनात किती वेळ धुसफुस चालते ते बघा. फ्रीडमन यांच्या गटात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांकडून असा सरावच करून घेत: मुद्दाम सगळ्यात लांब रांगेत उभं राहा आणि चिडू नका. ज्यांना हे समुपदेशन मिळालं, त्यांच्यात दुसऱ्या झटक्याचं प्रमाण कमी राहिलं.

४. मग टाइप बी म्हणजे आळशी माणूस का?

अजिबात नाही. टाइप ए ची लक्षणं ज्याच्यात नाहीत तो टाइप बी, एवढीच ती व्याख्या आहे. माझ्या पाहण्यातले कितीतरी टाइप बी लोक चोख काम करतात. फक्त ते काम करताना धावत नाहीत, म्हणून अप्रेझलला मागे पडतात. हा अन्याय मी जवळून पाहिला आहे आणि तो थांबावा असं मला मनापासून वाटतं.

५. मला ताण येतो तेव्हा मी गप्प होतो. कुणालाच कळत नाही. हे चांगलं की वाईट?

गप्प बसण्याचे दोन प्रकार आहेत. विचार करायला वेळ हवा म्हणून गप्प बसणं वेगळं (त्यासाठी प्र. ८ पाहा). मनात सतत काळजी, उदासी, चिडचिड आहे आणि लोक काय म्हणतील म्हणून ती बाहेर काढायची नाही, हे वेगळं. या दुसऱ्या जोडगोळीला योहान डेनोलेट यांनी 'टाइप डी' असं नाव दिलं. त्यांनी हे हृदयरुग्णांमध्ये पाहिलं आणि अशांची प्रकृती जास्त खालावते असं मांडलं. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध तितका पक्का दिसला नाही, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण माणूस आतून झिजतो हे खरंच आहे.

अशांना मी 'मन मोकळं करा' असं कधीच सांगत नाही. ते सांगून होत नाही आणि वर अपराधी वाटतं. त्याऐवजी कामापुरतं एकच वाक्य ठरवून ठेवा: 'आज माझ्याकडे हे तीन विषय आहेत, चौथा घेतला तर उद्या होईल.' यात भावना सांगायची नाही, फक्त परिस्थिती सांगायची आहे. गप्प राहणाऱ्यांना हे जमतं. लिहून पाठवलं तरी चालेल.

६. ऑफिसमध्ये सोळा प्रकारांची चाचणी घेतली. माझी चार अक्षरं आली. त्यावरून ताण कसा हाताळायचा हे ठरवावं का?

ही एमबीटीआय चाचणी. कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडलेल्या कल्पनांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी ती बेतली. टीममध्ये स्वभावावर बोलायला निमित्त म्हणून ठीक आहे. त्यापलीकडे तिच्यावर भार टाकू नका. माणूस एक तर अंतर्मुख नाही तर बहिर्मुख, अशी ती मधोमध रेघ मारते. प्रत्यक्षात बहुतेक लोक मध्यावरच असतात, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. भरतीसाठी ती वापरू नये असं चाचणी प्रकाशित करणारी संस्था स्वतःच सांगते. तुमच्याकडे तिच्यावरून बढती किंवा बदली ठरत असेल, तर हा मुद्दा लेखी मांडा.

७. मग स्वभाव मोजायची भरवशाची पद्धत कोणती? आणि कोणता स्वभाव ताणात कसा वागतो?

संशोधक सध्या सगळ्यात जास्त वापरतात ती 'बिग फाइव्ह'. यात माणसाला खोक्यात बसवत नाहीत. पाच पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीवर आपण कुठेतरी असतो.

ताणाशी सर्वांत जवळचा संबंध हळवेपणाच्या पट्टीचा. ही पट्टी वर असलेल्यांना एखादा बोचरा ईमेल दुपारी आला तर रात्री जेवतानाही तोच आठवतो. १९९५ सालच्या एका अभ्यासात याचा आणखी एक पदर दिसला. अशा लोकांच्या वाट्याला कुरबुरी जास्त येतात आणि प्रत्येक कुरबूर जास्त लागतेही, म्हणजे दुहेरी मार. पण याच लोकांना धोका सगळ्यात आधी दिसतो, हे मी शाखेत अनुभवलंय. 'या खात्यात काहीतरी गडबड वाटतेय' असं पहिल्यांदा म्हणणारी व्यक्ती बहुधा हळवीच असायची.

दुसरी पट्टी कर्तव्यदक्षतेची. ही माणसं ताण आला की यादी करतात, कामं वाटून घेतात, आणि बरीच सुटतातही. घात होतो तो परिस्थिती हाताबाहेर गेली की. जर्मनीतल्या हजारो लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की नोकरी गेल्यावर दीर्घकाळ बेकार राहावं लागलं, तर कर्तव्यदक्ष माणसांचं समाधान इतरांपेक्षा जास्त घसरतं. पुण्यात आयटीतली नोकरी गेलेले जे लोक माझ्याकडे आले, त्यांच्यातही हेच दिसतं. 'मी एकही डेडलाइन चुकवली नव्हती, मग मीच का?' हा प्रश्न त्यांना सोडत नाही.

बहिर्मुख माणूस बोलून मोकळा होतो. चहाच्या टपरीवर त्याचा अर्धा ताण उतरतो. त्याला घरून एकट्यानं काम करायला लावलं की त्रास होतो. सलोखा जपणाऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून सगळ्यांची उरलेली कामं त्याच्या टेबलावर येऊन पडतात. पाचवी पट्टी नव्याची ओढ. आमच्याकडे लेजर बंद होऊन संगणक आले तेव्हा ही पट्टी वर असलेले आनंदानं शिकले, आणि ज्यांची खाली होती ते उत्तम काम येत असूनही रडकुंडीला आले. पुढे रोजचं काम तेच ते झाल्यावर कंटाळून गेले ते पहिल्या गटातले.

८. मी अंतर्मुख आहे. मोकळ्या हॉलमधल्या ऑफिसात बसून डोकं भणभणतं. मी माणूसघाणी आहे का?

नाही. तुम्हाला माणसं नको आहेत असं नाही, एका वेळी इतके आवाज नको आहेत. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं एकटं फिरून या, आणि एकटं जाण्याचं कारण लोकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे कुणाला तुटकपणा वाटणार नाही. मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी मागून घ्या. अंतर्मुख असणं म्हणजे लाजाळू असणं नव्हे, आणि प्र. ५ मधली घुसमटही नव्हे.

९. मी केल्याशिवाय काम नीट होतच नाही. दुसऱ्यावर सोपवलं की जास्त ताण येतो. काय करू?

कार्यशाळेत हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारे बहुधा शाखेतले, विभागातले सर्वांत चांगले लोक असतात. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे फार उपयोगी पडते. एलिस यांचं म्हणणं असं की आपल्याला छळतो तो मनातला 'च'. काम चांगलं व्हावं ही इच्छा. काम चांगलं झालंच पाहिजे, नाहीतर मी नालायक, ही सक्ती. इच्छा ठेवायची आणि सक्ती सोडायची. मराठीत हा फरक एका अक्षराचा आहे, म्हणून तो पटकन पकडता येतो. आठवडाभर आपल्या बोलण्यातले 'झालंच पाहिजे', 'चुकताच कामा नये', 'कळायलाच हवं' मोजून बघा.

सरावासाठी एक छोटं काम दुसऱ्याला द्या. ते ऐंशी टक्के चांगलं झालं तर हात लावू नका. पहिल्यांदा फार अस्वस्थ वाटेल. पण माझ्या अनुभवात तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत ते बरंच सुसह्य होतं.

१०. 'स्वभावाला औषध नाही' म्हणतात. मग प्रयत्न करून काय उपयोग?

म्हण जुनी आहे, पण अर्धीच खरी आहे. वय वाढतं तसा सरासरीनं माणूस जास्त जबाबदार आणि कमी हळवा होत जातो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. उपचारांनी स्वभाव बदलतो का, हे पाहणाऱ्या दोनशेहून जास्त अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त बदल मनाच्या स्थिरतेत झाला होता, तोही काही आठवड्यांच्या उपचारांत. तुमचा आंबा फणस होणार नाही. पण ज्या गोष्टीनं तीन रात्री झोप उडायची, तिच्यानं एकच रात्र उडाली, तरी तो बदल मोठा आहे.

११. ऑफिसात मी सगळ्यांशी शांतपणे वागते आणि घरी आल्यावर मुलांवर ओरडते. माझा खरा स्वभाव कोणता?

दोन्ही तुमचेच आहेत. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉखशील्ड यांनी हवाई सुंदऱ्यांचं काम अभ्यासून १९८३ साली 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. आतून काहीही वाटत असलं तरी चेहऱ्यावर हसू ठेवायचं, हे सामान उचलण्यासारखंच श्रमाचं काम आहे. काउंटर, कॉल सेंटर, हॉस्पिटल, शाळा इथे काम करणाऱ्यांनी दिवसभर हे ओझं उचललेलं असतं. घरी येईपर्यंत हात दुखायला लागतात, तसंच हे आहे.

मध्ये थोडा वेळ हवा. मला एका परिचारिकेनं सांगितलेला उपाय आवडला. त्या घराच्या जिन्यात, शेवटच्या पायरीवर, चपला न काढता पाच मिनिटं बसतात. मुलांनाही माहीत आहे, आई जिन्यात आहे, अजून आलेली नाही.

१२. साहेबांचा स्वभावच चिडका आहे. त्यांना ताण आला की आमच्यावर निघतो. सहन करायचं का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. घाईच्या दिवशी आवाज चढणं हा स्वभाव असू शकतो. त्या वेळी वाद घालू नका. थोडक्यात उत्तर द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, एकट्यात, विषय काढा: 'सर, काल सगळ्यांसमोर बोललात ते लागलं. चूक असेल तर मला केबिनमध्ये सांगा.' पुष्कळ साहेब हे ऐकतात.

पण शिवीगाळ, जाणूनबुजून अपमान, एकालाच लक्ष्य करणं, हे स्वभावाच्या नावाखाली खपवून घेऊ नका. तारीख, वेळ, शब्द आणि हजर असलेली माणसं यांची नोंद ठेवा आणि लेखी तक्रार करा. लैंगिक छळ असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिच्याकडे जा. ज्याच्यामुळे त्रास होतो त्याचा स्वभाव समजून घेणं ही त्रास सोसणाऱ्याची जबाबदारी नाही.

१३. एचआर म्हणतं, 'मन खंबीर करा, मेडिटेशन करा.' पण तीन माणसांचं काम मी एकटा करतो. चूक माझ्या स्वभावाची आहे का?

नाही. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली दाखवलं की नुसतं काम जास्त असणं सगळ्यात वाईट नसतं. काम जास्त आणि ते कसं, कधी, कोणत्या क्रमानं करायचं हे ठरवायचा हक्क मात्र शून्य, ही जोडी सर्वांत जास्त ताण देते. लंडनमधल्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा 'व्हाइटहॉल' अभ्यास १९८५ पासून सुरू झाला. तिथेही ज्यांच्या हातात कामाचं नियंत्रण कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला.

मी स्वतः श्वसनाचे व्यायाम शिकवते, ते उपयोगी आहेत. पण रिकाम्या जागा न भरता फक्त ध्यानाचं शिबिर ठेवणाऱ्यांना मी आता आधीच सांगते की यानं तुमच्या लोकांचा ताण जाणार नाही. तुम्ही एक करू शकता. दोन आठवडे रोज कोणतं काम किती तास चाललं ते लिहा आणि तो कागद घेऊन बोलायला जा. 'मला ताण आहे' याला उत्तर देता येतं. 'आठवड्याला ६८ तास लागताहेत, यातलं कोणतं काम थांबवू?' याला टाळणं कठीण जातं.

१४. कामाच्या दिवसांत मी ठणठणीत असतो आणि सुट्टी लागली की डोकं दुखतं, ताप येतो. असं का?

हे तुम्हाला एकट्याला होत नाही. नेदरलँड्समध्ये यावर संशोधन झालं, तेव्हा कामाचा भार मोठा असलेले, जबाबदारीची जाणीव तीव्र असलेले आणि कामातून मन न निघणारे लोक यात जास्त दिसले. सुट्टीच्या आदल्या रात्री अकरापर्यंत काम करून पहाटे गाडी पकडणं टाळा. शेवटचे दोन दिवस काम हळूहळू कमी करत न्या. दर सुट्टीला होत असेल तर रक्तदाब आणि साखरही तपासून घ्या, सगळं ताणावर ढकलू नका.

१५. हा स्वभाव आहे की आजार, हे कसं ओळखायचं? आणि डॉक्टरकडे गेलो तर ऑफिसला कळेल का?

स्वभाव जुना असतो, आजार हा बदल असतो. पूर्वी न रडणारा माणूस बाथरूममध्ये जाऊन रडतो, आवडीच्या गोष्टी नकोशा होतात, झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडते, तर तज्ज्ञांना भेटा. कामामुळे येणारी पूर्ण गळाठ, म्हणजे बर्नआउट, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली कामाशी निगडित स्थिती म्हणून मान्य केली. तिला आजाराच्या यादीत घातलेलं नाही, पण तिच्याआड नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, त्यामुळे डॉक्टर तुमच्या ऑफिसला परस्पर कळवू शकत नाहीत. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमा द्यावा, असंही हाच कायदा सांगतो. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून पैसे मागायचे असतील तर दावा कुणाच्या टेबलावरून जातो ते आधी विचारून घ्या, आणि रजेच्या अर्जावर आजाराचं नाव लिहायचं की फक्त 'वैद्यकीय कारण', हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.